दोन मशीनं आणि थोरलीचा टाक

माझ्या शैलाचं लग्न अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात झालं. लग्नाला बारा दिवस उरले होते तेव्हा मी आमच्या पांढरीच्या रानात उजवा पाय पुढं करून उभी होते, आणि दोन जाणती माणसं माझ्या पायाच्या बोटांवर आपापली यंत्रं धरून बसली होती.

“हलू नका, अनुसयाबाई,” डिसले मास्तर म्हणाले. “चांदीचा आवाज नीट ओळखून घेतो.”

“मास्तर, तुमचं झालं की मला बी जरा जोडव्यांचा आवाज घेऊ द्या,” इसाकभाऊ म्हणाला. “माझं मशीन आत्ता बाजारभाव सांगतंय. ते सरले की चांदी ऐकतो.”

“त्यापेक्षा जोडवी काढूनच दिली तर?” मास्तरांनी विचारलं.

लिंबाखाली घोंगडीवर आमच्या आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तिथूनच म्हणाल्या, “तिचा नवरा जित्ता हाय. जोडवी निघायची न्हाईत. पाय वापरा.”

म्हणून माझा पाय वापरला.

डिसले मास्तर तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना जुन्या नाण्यांचं वेड. त्यांच्या जावयानं दुबईहून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आणून दिलं होतं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, वर एक भोंगा आणि एक काटा. काटा डावीकडं गेला की लोखंड, मधे राहिला की तांबं-पितळ, उजवीकडं गेला की चांदी. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मास्तरांनी वहीत मराठीत उतरवून काढलं होतं, चित्रांसकट.

इसाक मुलाणी बाजारगावात रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं आपलं यंत्र घरीच केलं होतं. मोडक्या चाळणीच्या कड्याला तांब्याची तार गुंडाळलेली, ते कडं बांबूला बांधलेलं आणि कमरेला रेडिओ. जमिनीत काही असलं की रेडिओ किंचाळायचा. काही नसलं की आकाशवाणी लागायची.

कुणाचं यंत्र सरस, यावरून दोघांचा दोन वर्षं वाद चालला होता. दर बाजारी मास्तर इसाकच्या दुकानात जायचे आणि चहा गार होईपर्यंत भांडायचे. एकानं नाणं पुरायचं आणि दुसऱ्यानं शोधायचं असं ठरायचं, पण पुरणाऱ्यावर शोधणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही. अशात आमचे मालक बॅटरीचे सेल आणायला त्या दुकानात गेले आणि बोलता बोलता म्हणाले, की बायकोच्या गळ्यातला टाक रानात पडलाय. तेव्हा म्हणे दोघं एकदम उठून उभे राहिले. चांदीची वस्तू, खरोखर हरवलेली, आणि कुठं पडली ते कुणालाच माहीत नाही. अशी परीक्षा मागून मिळायची नाही, असं मास्तर म्हणाले.

कुणालाच माहीत नाही हे खरं नव्हतं. मला माहीत होतं. तो टाक मीच पुरला होता.

टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर मूर्ती उठवलेली. देव्हाऱ्यात देवांचे टाक असतात. माझ्या गळ्यात होता तो माझ्या सवतीचा. मालकांची पहिली बायको कौसल्या सत्तर साली बाळंतपणात गेली, मूल पोटातच घेऊन. पुढच्या वर्षी मी आले. पहिलीचा जीव घुटमळू नये, दुसरीच्या संसाराला तिचा त्रास होऊ नये, म्हणून तिचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधायची आमच्याकडं रीत. मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात तो बांधला. तेव्हापासून थोरलीचा मान पहिला. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. पुरणपोळी आधी टाकाला, मग मला. शैला झाली तेव्हा सुईणीनं पोर आधी टाकाला लावली आणि मग माझ्या कुशीत दिली.

गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी चाळीस ओलांडली होती. आत्याबाईंनी जाऊ दिलं, पण पाटीवर आधी थोरलीचं नाव लिहायचं या बोलीवर. शिकवणारी पोरगी म्हणाली, मावशी, आपण ‘कमळ’पासून सुरू करू. मी म्हटलं, घरी चालायचं नाही. तेव्हा मी आयुष्यात पहिला शब्द शिकले तो कौसल्या. त्याला दीड महिना लागला. माझं नाव त्यानंतर चार दिवसांत आलं.

हे सगळं मी सत्तावीस वर्षं केलं आणि पुढंही केलं असतं. पण शैलाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. मी एक उचलली तेव्हा घरातल्यांना वाटलं, गणपतीचं चित्र बघतेय. मी वाचत होते. ‘श्री. भानुदास व कै. सौ. कौसल्याबाई यांची कन्या चि. सौ. कां. शैला’. मी दोनदा वाचली. मग पाठीमागून उलटून वाचली. माझं नाव कुठंच नव्हतं. शैलाच्या जन्माआधी आठ वर्षं वारलेली बाई शैलाची आई झाली होती.

मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, “आईनं सांगितलं तसं छापायला दिलं. थोरलीचा मान पहिला. आता कागदावरच्या नावाचं काय घेऊन बसलीस.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरीत कांदा काढत होतो. दुपारी बाया भाकरी खायला गेल्या. मी पूर्वेच्या बांधावरच्या तिसऱ्या बाभळीखाली खुरप्यानं हातभर खड्डा केला, दोरा तोडला, टाक आत ठेवला, माती लोटली आणि वर एक चपटा दगड ठेवला. आल्यावर सांगितलं, दोरा तुटला, टाक कुठं पडला कळलं नाही. मला वाटलं, चार दिवस शोधतील आणि नाद सोडतील.

आत्याबाई म्हणाल्या, “टाक सापडल्याबगर पोरीला हळद लागायची न्हाई.”

“नवा करून घेऊ की,” मालक म्हणाले.

“आन नव्यात थोरली यायची कशी? तिला काय पत्ता बदलल्याचं कार्ड टाकणार का?”

असं ते प्रकरण यंत्रांपर्यंत गेलं.

पांढरी म्हणजे मोडलेल्या जुन्या गावाची जागा. आमच्या त्या रानात नांगर धरला की बांगड्यांचे तुकडे निघायचे, एखादी शिवराई निघायची. मास्तरांनी सकाळीच फक्की मारून रानाचे चौकोन पाडले, खो-खोचं मैदान आखावं तसे. एक चौकोन दुबईच्या यंत्राचा, शेजारचा इसाकच्या यंत्राचा. यंत्र वाजलं की मालकांनी कुदळ मारायची. जे निघेल ते मास्तर वहीत चित्र काढून नोंदवणार.

पहिल्या तासात मास्तरांनी एक भोकाचा पैसा, बैलाच्या गळ्यातली घुंगरं आणि एक शिवराई काढली. इसाकभाऊनं नांगराचा फाळ, डब्याचं झाकण आणि एक पितळी अडकित्ता काढला. अडकित्ता बघून मालक थांबले. तो अडकित्ता माझ्या भावानं चोरला, असं ते बारा वर्षं पंगतीपंगतीत सांगत होते. त्यांनी तो पुसला आणि मुकाट खिशात घातला.

“वहीत लिहू का?” मास्तरांनी विचारलं.

“नगा लिहू,” मालक म्हणाले.

माझं काम सोपं होतं. यंत्र पूर्वेच्या बांधाकडं सरकायला लागलं की मी पाण्याची कळशी घेऊन आडवी जायची आणि चकतीजवळ पाय टेकायची. काटा झटकन उजवीकडं जायचा. मास्तर ओरडायचे, चांदी. मालक खणायचे. गुडघाभर खड्डा झाला की मास्तर पुन्हा यंत्र धरायचे, तोवर मी लिंबाखाली पोचलेली असायची. दुपारपर्यंत असे अकरा खड्डे झाले.

“वहिनी,” इसाकभाऊ हळूच म्हणाला, “मास्तरांचं मशीन तुमच्या जोडव्यांना लई मानतंय. जरा लांब ऱ्हावा.”

“तुमचं न्हाई का मानत?”

“माझं कुणालाच जास्ती मानत न्हाई. खिळा आसू दे न्हाईतर मोहोर आसू दे, सारखंच बोंबलतं.”

दुपारनंतर मास्तरांच्या यंत्राचे सेल तापले, म्हणून ते सावलीला ठेवलं. इसाकभाऊ मला चुकवून थेट पूर्वेच्या बांधावर चढला. मी कळशी उचलली, पण मी पोचायच्या आत त्याचा रेडिओ किंचाळला. दोन पावलं गेला, पुन्हा किंचाळला. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर चार पावलांवर तो किंचाळत राहिला.

मालकांनी खणलं. वीतभर लांबीचा लोखंडी खिळा निघाला. पुढं दुसरा. मग तिसरा. तिसऱ्या बाभळीखालीही एक खिळा होता, मी खड्डा केला होता त्याच्या अगदी शेजारी. मालकांनी माझा चपटा दगड बाजूला भिरकावला आणि माती दोन्ही अंगांना उपसली. खिळा निघाला. बाकी काही दिसलं नाही. एकूण एकवीस खिळे निघाले.

मास्तर धावत आले. “माझ्या यंत्रानं एकही खिळा धरला नसता. ते लोखंडाला डावीकडं सारतं आणि पुढं जातं.”

“म्हंजी तुमचं मशीन भेदभाव करतंय,” इसाकभाऊ म्हणाला.

“त्यालाच निवड म्हणतात, इसाक.”

“गरिबाला टाळलं की निवड म्हणायचं.”

मालक खिळ्यांच्या ढिगाकडं बघत होते. “पण हे बांधात ठोकले कुणी?”

“मी ठोकले,” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्या आप्पा लोहाराकडून करून आणले. थोरली बाळंतपणात गेली. अशी बाई माघारी येती. येऊ नी म्हणून वाटंवर खिळे ठोकतात.”

मालक म्हणाले, “आगं आई, एकीकडं तिला घरात येऊ नी म्हणून खिळे ठोकले, आन दुसरीकडं हिच्या गळ्यात बांधली?”

“मंग? बाहीर मोकळी हिंडण्यापरीस गळ्यात बरी.”

मास्तरांनी वहीत खिळ्याचं चित्र काढलं आणि त्यापुढं २१ लिहिलं.

दिवस मावळताना सगळे ओसरीवर चहाला बसले. आत्याबाई मालकांना म्हणाल्या, “उद्या सांजच्याला टाक हातात आला न्हाई तर व्याह्यांना निरोप धाड. लग्न पुढल्या सालाला.”

“आई, मुलाकडची माणसं ऐकून घेतील का?”

“न घेतली तर न घेतली. पोरगी जगली पाहिजे का लग्न झालं पाहिजे?”

मला ते बोलणं नेहमीच्या हट्टाचं वाटलं.

शैला उंबऱ्यात बसून लग्नाचे तांदूळ निवडत होती. ती पोर जास्त बोलणारी नव्हती. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “आई, टाक नक्की कुठं पडला ते तुला खरंच आठवत नाही का?”

“नाही गं,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

माझा हट्ट तिथंच संपला. पत्रिकेवर नाव नसलं तर नसलं. दुसऱ्या दिवशी उजाडायला मी खुरपं घेऊन पांढरीत गेले. टाक काढायचा, कांद्याच्या पातीत टाकायचा आणि मलाच सापडला म्हणून आरडायचं, असं ठरवलं होतं. पण बांध ओळखू येईना. एकवीस खड्डे, एकवीस मातीचे ढीग, दगड सगळे उलटेपालटे. तिसऱ्या बाभळीच्या आजूबाजूचे ढीग मी बोटांनी चाळले. ढेकळं फोडली. दोन तास उकरलं. बांगड्यांचे तुकडे लागले, टाक लागला नाही.

म्हणजे आता ती यंत्रं आणि मी, आम्ही सगळे सारखेच अडाणी झालो होतो.

ती दोघं आली तेव्हा मी मास्तरांना म्हटलं, “मास्तर, रात्रभर आठवत होते. मला वाटतंय, मी त्या दिवशी पूर्वेच्या बांधाला भाकरी खायला बसले होते. तिसऱ्या बाभळीपाशी.”

“हे काल का नाही सांगितलंत? अकरा खड्डे वाचले असते.”

“काल तुम्ही विचारलं न्हाई,” इसाकभाऊनं माझ्या वतीनं सांगून टाकलं. “तुम्ही निस्ता त्यांच्या पायाला आवाज विचारत होता.”

मी स्वतःहून वीस पावलं लांब जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या टाकासाठी मनापासून देवाला हात जोडले. दुबईच्या यंत्रानं तिसऱ्या बाभळीची माती धुंडाळली. काटा हलला नाही. ढीग झाले, खड्डे झाले. काही नाही. मास्तर चौथ्या बाभळीकडं सरकले आणि तिच्या बुंध्यापाशी काटा उजवीकडं गेला. मास्तरांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी लांबच होते.

“चांदी,” ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

मालकांनी हातभर खणलं. काही नाही. मास्तरांनी पुन्हा यंत्र धरलं, काटा थरथरला आणि मधेच पडला. “विचित्र आहे. माझ्या वहीप्रमाणे एवढ्यातच असायला पाहिजे.”

इसाकभाऊनं आपली चाळणी खड्ड्यात उतरवली. रेडिओवर कामगारांचा कार्यक्रम चालू होता. तो हळूहळू बारीक झाला आणि आत एक लांब शिट्टी सुरू झाली. “हाय. अजून खाली हाय. खणा, भानुदासराव.”

“एवढं खाली कसं असेल? गळ्यातून पडलेली वस्तू वर असते,” मास्तर म्हणाले.

“उंदरानं नेली आसंल.”

“उंदीर चांदी नेतो?”

“तुम्ही न्हेता, मंग उंदीर का न्हेणार न्हाई?”

मालक खणत राहिले. दोन हात खोल गेल्यावर मातीत काळंसर काही चमकलं. त्यांनी ते उचललं आणि फुंकर मारली. टाक होता. मालक खड्ड्यातच खाली बसले आणि म्हणाले, “शैलीचं लग्न झालं बाबा.”

मास्तर म्हणाले, आधी माझ्या यंत्रानं सांगितलं. इसाकभाऊ म्हणाला, सांगितलं खरं, पण सोडूनही दिलं, काढला माझ्या मशीननं. मास्तर म्हणाले, चांदी म्हणून ओळखली ती माझ्यामुळं. इसाकभाऊ म्हणाला, ओळख दाखवून कुणी पोट भरत नाही, खोल जायला लागतं. दोन वर्षांचा वाद मिटायला आला होता तो तिथंच पुन्हा नव्यानं सुरू झाला. दोघंही मोठ्या खुशीत भांडत होते.

मी टाक हातात घेतला आणि उलटापालटा करून बघितला. मी खड्डा केला होता तो हातभर. हा दोन हातांवर निघाला. माझ्या टाकाचा पत्रा पातळ होता आणि कडी एकदा तुटली म्हणून तांब्याच्या तारेनं सांधलेली होती. हा जाड होता, चांगल्या जुन्या चांदीचा, कडी शाबूत. मूर्तीचं नाक झिजून गेलं होतं. मालक सत्तावीस वर्षं शेजारी होते, पण त्यांनी कधी त्या टाकाकडं निरखून बघितलं नव्हतं. त्यांना फरक कळला नाही.

आत्याबाई घोंगडीवरून उठून काठी टेकत आल्या. त्यांनी टाक माझ्या हातातून घेतला. उन्हात धरला. अंगठ्यानं मूर्तीचं झिजलेलं नाक चाचपलं. मग म्हणाल्या, “हाच. चला, आता भुका लागल्या आसतील.”

घरी आल्यावर त्यांनी मला परड्यात बोलावलं. त्या दगडावर बसून चिंचेच्या कोळानं टाक घासत होत्या. मी तांब्यानं पाणी घालत होते.

“ही थोरली न्हाई,” त्या म्हणाल्या.

मी पाणी घालत राहिले.

“पाणी पुरं. तुला बी कळलंय. तुजा पातळ व्हता.”

“मग हा कुणाचा?”

“माजा. पार्वतीचा. माजी थोरली.”

मामंजींची आधी एक बायको होती आणि तिचा टाक नदीत वाहून गेला, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

“तू तुजा कुठं पुरलास?” आत्याबाईंनी विचारलं.

मी खोटं बोलणार होते. पण त्यांनी मान वर करून बघितलं. मी म्हटलं, “तिसऱ्या बाभळीखाली.”

“मी पुरला तवा बाभळी नव्हत्या. निस्ता बांध व्हता.” त्या घासत राहिल्या. “तू हातभर खणलं आसशील.”

“हो.”

“मी दोन हात खणलं. मला तुज्यापरीस राग लई.”

“तुम्हाला कशाचा राग?”

“मला पहिला पोरगा झाला. यशवंत. भानुदासच्या आदुगर तीन वर्षं. बारशाला बाया जमल्या, पाळणा बांधला. माज्या सासूनं पाळण्यात आधी टाक ठिवला. थोरलीचा मान. पोरगं भुईवर घोंगडीवर रडतंय, आन बाया टाकाला झोके देऊन गाणी म्हणत्यात. एक गाणं झालं, दोन झाली. त्यांना पोरगं ठेवायची आठवणच येईना. दुसऱ्या दिशी मी रानात जाऊन पुरला. घरी येऊन सांगितलं, नदीला लुगडी धुताना पाण्यात गेला.”

“मग?”

“मंग काय. तीन महिन्यांनी यशवंत गेला. काय झालं कळलंच न्हाई. सकाळी पाजला, दुपारी गेला.”

त्यांनी टाक पाण्यात बुडवला, काढला, लुगड्याला पुसला.

“कुणाला सांगितलं न्हाई. पुढं भानुदासची बायको पोटुशीच गेली. मला वाटलं, पार्वतीच करतीय. तू आलीस तवा म्हटलं, आता मान कमी पडू द्यायचा न्हाई. लुगडं, पोळी, पाटी, पत्रिका, जे काय आसंल ते आधी तिला. शैलीला काय व्हायला नको व्हतं मला.”

परड्याच्या भिंतीपलीकडून मास्तर आणि इसाकभाऊ अजून भांडताना ऐकू येत होते. मास्तर वहीतलं वाचून दाखवत होते आणि इसाकभाऊ म्हणत होता, तुमच्या वहीत उंदराचं चित्र कुठाय ते दाखवा.

“मग आता काय करायचं?” मी विचारलं.

“आता काय. हा बांध गळ्यात. गावानं बघितलाय.”

“पण ही कौसल्या नाही.”

“ती का खाली वाकून बघणार हाय? आन पार्वती म्हातारी झाली आसंल आता. छपन वर्सं मातीत बसून माणूस निवळतं.” दोरा काढत त्या म्हणाल्या, “तुजा ऱ्हाऊ दे तिथंच. मी इचारणार न्हाई.”

त्यांनी नवा दोरा ओवला आणि टाक माझ्या गळ्यात बांधला. गाठ बसेना, म्हणून शेवटी ती मीच मारली.

मग त्या म्हणाल्या, “पत्रिका किती ऱ्हायल्यात वाटायच्या?”

“दोनशे असतील.”

“पेन घे. तुजं नाव लिही त्यांच्यावर. थोरलीचं खोडू नको, मला भ्या वाटतं. खाली लिही.”

मी ओसरीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत दोनशे पत्रिकांवर माझं नाव लिहिलं. पहिल्या पन्नासांवर ते वाकडं आलं, त्या जवळच्या नातेवाइकांना दिल्या. आत्याबाई समोर बसून वाळलेल्या पत्रिका एकावर एक रचत होत्या. दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी एक उरलेली उचलून माझ्यापुढं धरली.

“पार्वती लिहिता येतं का तुला?”

मी पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. त्यांनी ते उलटं धरून बघितलं. मी सुलटं करून दिलं.

“आन यशवंत?”

तेही लिहिलं. त्यांनी विचारलं, “ह्यातलं यश कोणतं?” मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनीही त्यावर बोट ठेवलं, आणि ती पत्रिका घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

शैलाचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. मास्तर आणि इसाकभाऊ पंगतीत शेजारी बसले होते. त्यांच्या पानात कुणी काय वाढलं याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. पांढरीत आम्ही त्यानंतर कितीतरी वर्षं कांदा लावला, पण माझा टाक कधी वर आला नाही. शैलाला काही झालं नाही. तिला दोन मुलं आहेत आणि थोरल्याचं नाव आत्याबाईंनी यशवंत ठेवायला सांगितलं, ते तिनं ठेवलं.

मालक दोन हजार अकरा साली श्रावणात वारले. आत्याबाई त्याआधीच, दोन हजार तीनच्या माघात, सोमवारी सकाळी उन्हाला बसल्या असता गेल्या. त्यांचा यशवंत बेचाळीस सालच्या पावसाळ्यात गेला होता, तीन महिन्यांचा असताना.